समुद्राच्या वाऱ्यामागे लोहगडावर

समुद्राच्या पाण्याचं तापमान हा माझ्या पीएच.डी.चा विषय. काम मात्र पुण्यात. पुण्याला समुद्र नाही, ही गोष्ट मला नव्याने भेटणारा प्रत्येक माणूस आठवणीने सांगतो. त्यात गेल्या चैत्रात मी ह्याच कामासाठी सासूबाईंना बरोबर घेऊन लोहगडावर राहून आले, तेव्हा आमच्या आळीत बरंच बोलणं झालं असणार. परत आल्यापासून जो तो विचारतो, की समुद्र सोडून डोंगरावर काय मिळालं. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळं लिहूनच काढते.

आधी थोडं कामाबद्दल. अरबी समुद्रातून जाणाऱ्या जहाजांवरचे खलाशी दोराला बादली बांधून समुद्रात सोडतात, पाणी वर काढतात, त्यात थर्मामीटर बुडवतात आणि आकडा टिपून ठेवतात. असे वर्षानुवर्षांचे आकडे आमच्याकडे येतात आणि कुठल्या महिन्यात समुद्र कुठे किती तापतो ते त्यावरून कळतं. मला त्याच्या पुढचं हवं होतं. समुद्र अमुक इतका तापलेला असेल तर जमिनीवरचा वारा कसा वागेल? त्यासाठी मी कोकणच्या किनाऱ्यापासून देशापर्यंतच्या हवेचा, पावाच्या कापासारखा एक उभा काप कल्पिला. त्याची गणितं मांडली, ती भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवली आणि मुंबईच्या कॉम्प्युटरवर सोडवून आणली. ह्या सगळ्या खटाटोपाला आम्ही मॉडेल म्हणतो.

मॉडेल सांगत होतं, की चैत्र-वैशाखात जमीन तापली की समुद्रावरचा गार वारा कोकण ओलांडतो, दुपारनंतर घाट चढतो आणि मावळात शिरतो. इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. पण मॉडेल आणखी एक गोष्ट सांगत होतं. ह्या वाऱ्याच्या बऱ्याच वर दुसरा वारा वाहतो आणि तो उलटा, समुद्राकडे परत जातो. किनाऱ्यापाशी असा फेरा असतो हे सगळेच मानतात. घाटमाथ्यावर, इतक्या आत तो असेल, हे सरांना पटत नव्हतं.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. साठीकडे झुकलेले, शब्द जपून वापरणारे. "तुझ्या मॉडेलला मध्ये सह्याद्री उभा आहे हे कळलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "तो परतणारा वारा मला फक्त तुझ्या कागदावर दिसतो. घाटमाथ्यावर जा, फुगे सोड आणि दाखव मला. नाही दिसला तर ते प्रकरण काढून टाकू."

ते प्रकरण काढलं तर माझ्या प्रबंधात खलाशांच्या बादल्याच उरत होत्या.

मळवली

फुगा सोडल्यावर एकाने थिओडोलाइटमधून, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीतून, त्याच्यावर नजर ठेवून कोन सांगायचे असतात आणि दुसऱ्याने ते लिहायचे असतात. संस्थेतून मिळणारा मदतनीस नेमका कांजिण्यांनी आजारी पडला. माझ्या नवऱ्याला, दिलीपला, कारखान्यातून रजा मिळेना. आमचं हे बोलणं चाललेलं असताना सासूबाईंनी, ज्यांना मी आई म्हणते, चहाचा कप खाली ठेवला.

"लिहायचंच असेल तर मला येतं की लिहिता," त्या म्हणाल्या.

"आई, गड चढायचाय. मुक्काम वाडीत, कुणाच्या तरी घरी."

"लग्न आणि मयत सोडून मी आजवर कुणाच्या गावी मुक्काम केलेला नाही. एकदा करून बघते."

दिलीपने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि आई उठून आपली वळकटी बांधायला गेल्यासुद्धा.

मळवलीला आम्ही सकाळच्या पॅसेंजरने उतरलो. हायड्रोजनचं सिलिंडर रेल्वेने नेता येत नाही, म्हणून ते आदल्या दिवशीच एका ट्रकने पाठवलं होतं. स्टेशनमास्तरांनी ते फलाटापासून लांब, एका कडुनिंबाखाली ठेवून शेजारी तांबडं निशाण रोवलं होतं. आम्हाला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "बाई, लवकर न्या. रात्रभर मला झोप नाही," ते म्हणाले.

ओझ्याला जवळच्या भाजे गावातली माणसं ठरवलेली होती. त्यांचा म्होरक्या शिरपा. त्याने सिलिंडर हाताने ठोकून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्यात काय हाय म्हनायचं?"

"हवा. हलकी हवा असते, ती फुग्यात भरायची."

"हवा?" शिरपाने सोबत्यांकडे बघितलं. "आन् ही हवा गडावर न्यायची? बाई, गडावर हवा न्हाई का? लय हाय की."

ते सगळे इतके हसले, की सिलिंडर बांबूला बांधायला बराच वेळ गेला. मग त्यांनी ते पालखीसारखं खांद्यावर घेतलं आणि वाटेत जो भेटेल त्याला 'पुण्याच्या बाईंनी हवा आनलीया' असं सांगत चालू लागले. आईंनी त्यांना निघतानाच बजावलं होतं, की ह्या नळकांड्याजवळ बिडी ओढायची नाही. शिरपाला तलफ आली की तो बांबू दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायचा आणि वळणापलीकडे जाऊन यायचा. आई प्रत्येक वेळी कमरेवर हात ठेवून त्याची बिडी विझल्याची खात्री करून घ्यायच्या.

भाज्यापासून चढ सुरू होतो. चैत्रातला मावळ मी प्रथमच बघत होते. पावसाळ्यात इथे येऊन गेलेली माणसं हिरवळीच्या गोष्टी सांगतात. मला दिसत होतं ते वाळलेलं पिवळं गवत, उघडा काळा कातळ आणि भाताच्या खाचरांतले जळके चौकोन. पेरणीआधी शेणी आणि पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला इथे राब म्हणतात. त्याचा वास सगळ्या दरीत भरून होता. करवंदाच्या जाळ्यांना हिरवी फळं धरली होती. आईंनी एक तोडून तोंडात टाकलं आणि आंबटपणाने डोळे मिटून घेतले. "भाजीत घालायला छान आहेत," डोळे उघडल्यावर त्या म्हणाल्या आणि ओचा भरून घेतला.

लोहगडवाडी

गायमुख खिंडीतून वाडीत पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. आमची सोय अंतूआबांच्या घरी होती. आबांनी उमेदीची वर्षं मुंबईत जेवणाचे डबे पोचवण्यात घालवली आणि आता ते वाडीत परतून शेती बघत होते. घरात ते, त्यांची सून मंजुळा आणि दोन म्हशी. मुलगा मुंबईला, बापाच्याच कामावर.

पुण्यात आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर चौकशी सुरू होते. कुठले, कुणाचे, काय करता. इथे मंजुळाने पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि आत गेली. तांदळाची भाकरी, वालाचं कालवण आणि आईंनी आणलेल्या करवंदांची मिरची घालून वाटलेली चटणी असं जेवण झालं. ताक पिऊन हात धुतले, आणि मग ती ओटीवर येऊन बसली.

"आता सांगा," ती म्हणाली. "ह्यो फुगा कशापाई?"

मी सांगू लागले. समुद्र सावकाश तापतो, जमीन लवकर तापते, म्हणून दुपारी समुद्रावरचा वारा जमिनीकडे धावतो. आबा मान डोलवत होते. "आमी दुपारचं डबं पोचवून चौपाटीवर जरा टेकायचो, तवा तोंडावर यायचा त्यो वारा," ते म्हणाले. "पर त्यो हितवर येतो म्हनता?"

"येतो. आणि वरून परत जातो असं माझं म्हणणं आहे. तेच बघायला आलेय."

मंजुळाने विचारलं, "मग पाऊस कवा येनार, त्ये कळंल का त्यातनं?"

हा प्रश्न मला पुण्यात विद्वान माणसंही विचारतात आणि मी जरा गोलगोल उत्तर देते. तिच्याकडे बघून तसं देववेना. "आज नाही कळणार," मी म्हणाले. "समुद्राचं आणि वाऱ्याचं नातं नीट जमलं, तर पुढे कधीतरी कळेल. मी त्यातला अगदी लहान तुकडा करतेय."

"असू द्या लहान," मंजुळा म्हणाली. "भाकरी बी तुकड्या-तुकड्यानंच खातो आपुन." आणि उद्या आपणही गडावर येणार असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

पहिले फुगे

सिलिंडर गडावर लक्ष्मीकोठीत, म्हणजे कातळात खोदलेल्या थंडगार कोठीत ठेवलं होतं. तिथून फुगा भरून तो विंचूकाट्याच्या बाजूला न्यायचा. विंचूकाटा म्हणजे गडाची पश्चिमेकडे गेलेली लांब, निमुळती सोंड. वर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना जमीन खाली सुटते. दक्षिणेला पवनेच्या नव्या धरणाचं पाणी चकाकत होतं, पलीकडे तुंग आणि तिकोना हे किल्ले. पश्चिमेला डोंगरांच्या रांगांपुढे कोकण असणार, पण तिकडे सगळं धुरकट होतं. त्या धुरकटपणाच्या मागे कुठेतरी माझा समुद्र होता. मला इतका उत्साह आला होता, की मी थिओडोलाइटचे पाय तीनदा मांडले आणि तीनदा उचलले.

पहिला तांबडा फुगा भरला. मंजुळा तो दोन्ही हातांत तान्ह्या मुलासारखा धरून कोठीबाहेर आली. दहा पावलं गेली असेल, तोच करवंदीच्या काट्याला लागून तो फाटकन फुटला. मंजुळा जागीच खाली बसली. आई धावल्या, मी धावले. तिला काही झालं नव्हतं. तिने हातातल्या रबराच्या चिंध्यांकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, लय महाग असतो का वो?"

"फुगा नाही, आतला गॅस महाग," मी म्हणाले.  सिलिंडरमध्ये मोजक्याच फुग्यांपुरता गॅस होता आणि गडावर दुसरं सिलिंडर आणणं शक्य नव्हतं.

दुसरा फुगा आम्ही तिघींनी मिळून नेला. दुपार कलेपर्यंत थांबलो. पूर्वेकडून गरम, कोरडा वारा येत होता आणि आईंचा पदर सारखा पश्चिमेकडे उडत होता. समुद्राचा वारा येण्याचं लक्षण दिसेना. शेवटी कंटाळून सोडलाच. तो खालपासून वरपर्यंत एकाच चालीने सरळ समुद्राच्या दिशेला गेला आणि धुरकटपणात बुडाला. सगळीकडे एकच वारा, पूर्वेचा. खालून येणारा वाराच नाही म्हटल्यावर वरून परतणार काय?

संध्याकाळी आम्ही गड उतरू लागलो. आई एकेक पायरी जपून उतरत होत्या. महादरवाजाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "वसू, तुझ्या त्या मॉडेलमध्ये वारा रोज येतो का?"

"नाही. जमीन कमी तापली, किंवा पूर्वेचा वारा जोरात असला तर नाही येत."

"मग त्याने आज खोटं काय सांगितलं?"

 वाडीत आल्यावर मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

वारा येतो

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच उकाडा वेगळा होता. गडावरचा कातळ अनवाणी पाय ठेवू देईना. दुपारी पूर्वेचा वारा पडला आणि एकदम सगळं स्तब्ध झालं. घार तेवढी दरीवर तरंगत होती. आम्ही गडावरच्या दर्ग्याच्या सावलीला बसून होतो. मी उठून थर्मामीटर बघत होते, पुन्हा येऊन बसत होते.

पश्चिमेचा धुरकटपणा जवळ सरकल्यासारखा वाटला. आधी मला भास वाटला. मग त्या बाजूची एक टेकडी पुसट झाली, तिच्या अलीकडची दुसरी पुसट झाली. आई बोलता बोलता थांबल्या. त्यांचा पदर, जो आदल्या दिवशी सारखा पश्चिमेकडे उडत होता, तो त्यांच्या तोंडावर आला.

"अगं, फिरला की," पदर बाजूला करत त्या म्हणाल्या.

वारा आला तो एखादं दार उघडावं तसा. गार, ओलसर. भिजलेल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा चढू लागला, कोरड्याचा उतरू लागला. म्हणजे हवेत दमटपणा वाढत होता. हा वारा सकाळी समुद्रावर होता, एवढंच माझ्या मनात येत होतं. कुणा खलाशाने बादली सोडली असेल त्याच पाण्यावरून तो आला होता आणि आता माझ्या कानाजवळून जात होता. मी मंजुळाचा हात धरला आणि तिला ओढतच कोठीकडे पळाले.

फुगा सोडला. तो चढता चढता पूर्वेला, शेजारच्या विसापूर किल्ल्याच्या दिशेला निघाला. मी कोन सांगत होते, आई लिहीत होत्या. आईंना आकडा ऐकला की तो मोठ्याने परत म्हणायची सवय लागली होती आणि मंजुळा त्यांच्या मागून हळूच तो तिसऱ्यांदा म्हणायची. थोड्या वेळाने फुग्याची पूर्वेची चाल मंदावली. मग तो थांबल्यासारखा झाला. वर मात्र चढतच होता.  दुर्बीण उंच उंच होत गेली. फुगा माघारी येत होता, आमच्या डोक्यावर येत होता.

आणि तिथेच मी तो घालवला. फुगा बरोबर माथ्यावर आला की दुर्बीण क्षणात अर्धा फेरा फिरवावी लागते. मी घाई केली, हाताचा धक्का लागला, आणि भिंगात नुसतं निळं आभाळ उरलं. तिघींनी माना मोडेपर्यंत वर शोधलं. नाही दिसला.

"परतला ना पण?" आईंनी विचारलं.

"परतायला लागला होता. परतला असं मला लिहिता येणार नाही."

लोणावळा

आता फक्त एका फुग्याचा गॅस उरला होता. तो सोडण्याआधी सरांशी बोलावं असं मला वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच आई आणि मी उतरलो आणि मळवलीला लोणावळ्याची गाडी पकडली.

डबा कोळी मंडळींनी भरलेला होता. कार्ल्याला एकवीरा आईची यात्रा करून ती माणसं किनाऱ्याकडे परत निघाली होती. कपाळभर गुलाल, बायकांच्या अंबाड्यात अबोलीच्या वेण्या, मध्ये ढोलकी. आमच्या समोरच्या बाईंनी आईंच्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला आणि कुठून आलात विचारलं. आईंनी गडावरची सगळी हकिकत त्यांना माझ्यापेक्षा नीट सांगितली. त्या बाई मनापासून हसल्या. रोज दुपारी जो वारा आमच्या दारातून जातो, त्याच्या मागे तुम्ही एवढा डोंगर चढलात, असं म्हणून त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. उतरताना आईंच्या केसांत अबोलीची एक वेणी होती.

लोणावळ्याच्या पोस्टात पुण्याचा ट्रंककॉल लावला. लागेपर्यंत बसा म्हणाले. समोरच चिक्कीचं दुकान होतं, तिथे एक माणूस गुळाचा गरम पाक आणि शेंगदाणे ओट्यावर ओतून झपाझप लाटत होता. पाक कधी उतरवायचा ह्यावर आईंनी त्याच्याशी चर्चा सुरू केली. त्यांना त्याने नुकताच लाटलेला, अजून गरम असलेला एक तुकडा चाखायला दिला. मला खायचं सुचत नव्हतं. पुतळ्यासारखी मी पोस्टाच्या बाकावर बसून होते.

कॉल लागला. लाइनवर खरखर फार होती. मी भराभर सगळं सांगितलं. पलीकडे सर ऐकत होते.

"डोक्यावर आला म्हणजे परतला असं होत नाही," ते म्हणाले. "वरचा वारा पडला असेल. फुगा तिथेच राहिला असेल."

"हो सर. म्हणूनच फोन केला."

"गॅस किती आहे?"

"एका फुग्याचा."

 

"तो सोडू नकोस," सर म्हणाले. "मी उद्या येतो."

मी बाहेर आले. आई चिक्कीच्या पुड्या बांधून घेत होत्या. सर येतायत म्हटल्यावर त्यांनी दुकानदाराला आणखी एक पुडा बांधायला सांगितला.

शेवटचा फुगा

सर आले ते कॅनव्हासचे बूट, छत्री आणि स्वतःचा थर्मामीटर घेऊन. खिंडीत ते दोनदा बसले. मी म्हणाले, "सर, तुम्ही एवढा त्रास घ्यायला नको होता. मी आकडे आणून दिलेच असते."

"माझं चुकलं असेल तर ते मला घरी बसून कळायला नको," ते म्हणाले आणि पुन्हा चढू लागले.

आबांनी त्यांना ओटीवर घोंगडी अंथरून दिली, गूळपाणी दिलं. दोघे समवयस्क. मुंबईतल्या जुन्या ट्रामवरून त्यांच्या गप्पा अशा रंगल्या, की मला सरांना उठवून गडावर न्यावं लागलं. मंजुळा तर आमच्या आधीच वर जाऊन बसली होती.

त्या दिवशी वाऱ्याने अंत पाहिला. दुपार झाली, कलली. पूर्वेचा वारा पडला, पण पश्चिमेचा येईना.  सरांनी आपला थर्मामीटर छत्रीच्या सावलीत टांगला होता आणि ते त्याच्याकडे बघत उभे होते.  ऊन पिवळं पडू लागलं तेव्हा कुठे पलीकडच्या टेकड्या पुसट व्हायला लागल्या. वारा आला. सरांनी टोपी काढली, वारा तोंडावर घेतला आणि डोळे मिटले.

"ह्याला वास आहे," ते म्हणाले. एवढंच.

फुगा भरताना मंजुळाने नळी धरली आणि आईंनी दोरा बांधला. कोठीपासून विंचूकाट्यापर्यंत आम्ही तो असा नेला, की वाटेतल्या जाळ्यांवर आधी घोंगड्या टाकल्या. सर म्हणाले, "मी लिहितो. तुम्ही बसा जरा, वहिनी."

"लिहिण्याचं माझ्याकडे आहे," आई म्हणाल्या आणि पेन्सिल त्यांनी सोडली नाही.

सर क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "ठीक आहे. तो डोक्यावर आला की यंत्रातून हरवतो. नुसत्या डोळ्यांनी कुणीतरी धरून ठेवायला हवा." आणि त्यांनी छत्री बाजूला ठेवली, टोपी छातीवर ठेवली आणि त्या तापलेल्या कातळावर सरळ पाठ टेकून आडवे झाले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी खुर्चीत रेलून बसलेलंसुद्धा पाहिलं नव्हतं.

फुगा सुटला. पूर्वेला गेला. मी कोन सांगत गेले, आई ते मोठ्याने म्हणत गेल्या, मंजुळा त्यांच्या मागून. विसापूरच्या अलीकडे तो मंदावला. परवासारखाच थांबला, परवासारखाच माघारी वळला. मी दुर्बीण चढवत होते. तो डोक्यावर आला आणि भिंगाच्या कडेला जाऊन नाहीसा झाला.

"गेला," मी म्हणाले. 

"कुठे जात नाही. मला दिसतोय," सर खालून म्हणाले. "यंत्र फिरव पुरतं. घाई नको. आता जरा खाली. उजवीकडे. आणखी थोडं."

भिंगात निळं, निळं आणि मग एका कडेने तांबडा ठिपका आत आला.

"सापडला."

"आता सोडू नकोस."

मी सोडला नाही. मी कोन सांगू लागले आणि आकड्यांवरून कळत होतं, की फुगा आमच्या पलीकडे सरकतोय, दूर जातोय, पश्चिमेला. खाली आमच्या तोंडावर समुद्राकडून वारा येत होता आणि वर तो फुगा त्याच वेळी समुद्राकडे चालला होता. कॉम्प्युटरच्या कागदावर मी हे कितीदा पाहिलं होतं. कागदावर ते इतकं संथ, इतकं सोपं दिसत नव्हतं.

"पश्चिमेला गेला का?" सरांनी विचारलं.

"गेला, सर. पण तुम्हाला दिसत असेल की."

"मला दिसतंय. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

त्या दूरच्या ठिपक्यावर बराच वेळ ऊन राहिलं. तो दिसेनासा झाला तेव्हा आईंनी शेवटच्या आकड्याखाली एक रेघ ओढली, आपण शाळेत उत्तराखाली ओढायचो तशी. सर उठले, पाठीवरची धूळ मंजुळाला झटकू दिली आणि आईंकडून ते कागद घेतले. छत्रीच्या टोकाने मातीवर गुणाकार करत ते बराच वेळ उकिडवे बसले.

"उंची चुकलीय तुझी," ते म्हणाले. "वारा तू म्हणतेस त्याच्यापेक्षा बराच वर जाऊन फिरतो. मॉडेल दुरुस्त करावं लागेल. डोंगराची चढण कमी धरली आहेस तू, किंवा समुद्र जास्त गरम धरलायस. दोन्ही करून बघ." मग कागदांची घडी करून माझ्या हातात देत म्हणाले, "प्रकरण राहू दे."

मी हो म्हणाले. 

उतरताना मात्र सरांना थांबवणं कठीण झालं. एवढी वर्षं शब्द मोजून बोलणारा माणूस पायरी-पायरीला थांबून, छत्रीने दिशा दाखवत बोलत होता. एका ठिकाणच्या फुग्याने भागणार नाही. पुढच्या चैत्रात एक लोणावळ्याजवळ भुशीच्या वर, घाटाच्या अगदी कडेला. एक इथे. एक पार आत, नवलाख उंबरे गावाच्या माळावर. तिन्ही एकाच वेळी सोडायचे, म्हणजे तो फेरा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेल. समुद्राचं तापमान त्याच आठवड्याचं हवं, जुन्या सरासऱ्या चालणार नाहीत. जहाजांना आधीच कळवायला हवं. वाडीतून चुलींचा धूर वर येत होता आणि तो पूर्वेकडे वळत होता. सर बोलत होते, मी होकार भरत होते, आणि पायऱ्या नीट बघून उतर असं मागून आई मला तिसऱ्यांदा सांगत होत्या.